काटा एकतीसवर थांबला

मित्रांनो, मी एक जुना फ्लोरोमीटर आहे. नाव अवघड असले तरी काम सोपे आहे. एखादे द्रव किती चमकते, ते मी सांगतो. बुकावू शहरात, किवू सरोवराच्या वरच्या टेकडीवर औषधे तपासण्याची एक लहानशी प्रयोगशाळा आहे. तिच्या मागच्या खोलीत, खिडकीपासून लांब, जाड कापडाखाली मी बसून असतो. कापड काढले की माझे तोंड दिसते. शून्यापासून शंभरपर्यंत आकडे आणि त्यांच्यावरून फिरणारा एक बारीक काळा काटा.

माझ्या पोटात एक दिवा आहे. त्याचा उजेड माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही. त्या उजेडासमोर काचेची चौकोनी कुपी ठेवतात. कुपीतल्या आम्लाच्या पाण्यात क्विनाइन असेल, तर ते निळे चमकू लागते. क्विनाइन म्हणजे हिवतापावरचे ते कडूजहर औषध. ते सिंकोनाच्या सालीतून काढतात आणि ती झाडे आमच्या डोंगरांवरच वाढतात. कुपीच्या बाजूला माझा डोळा आहे. तो ती चमक पाहतो आणि काटा हलवतो.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. मला आपले आपण काहीच मोजता येत नाही. आधी कोणीतरी मला एक ठरलेले द्रावण दाखवून 'हे शंभर समज' असे सांगावे लागते. मग पुढचे द्रावण त्याच्या मानाने किती, ते मी सांगतो. माझे सगळे शहाणपण एवढेच.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. लाकडी पेटीत, भुशात बसून मी जहाजाने आणि मग मालमोटारीने इथे आलो, तो सरोवराकाठच्या एका शीतपेयाच्या कारखान्यात. तिथे एक कडू पेय बाटल्यांत भरले जाई. त्यात क्विनाइन घालत. कमी पडले तर गिऱ्हाईक म्हणे, ही साखरेची बाटली आहे. जास्त झाले तर तोंड वाकडे करी. ते बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी मला आणले होते.

माझे पहिले धनी पापा बिरिंद्वा. आमच्याकडे मोठ्या पुरुषाला मानाने पापा म्हणतात. उंच, वाळक्या अंगाचे, कायम पांढरा डगला घातलेले. ते आधी पेय हलवून हलवून त्यातला वायू घालवत, मग त्याचे मोजके थेंब गंधकाच्या आम्लाच्या पाण्यात सोडत. कुपीला ते नेहमी कडांना धरत. तिच्या चकचकीत बाजूंना त्यांनी कधी बोट लागू दिले नाही. पण माझ्यात कुपी ठेवण्याआधी ते स्वतः एक घोट घेत आणि डोळे मिटून म्हणत, "जीभ म्हणते सत्तर. आता साहेब काय म्हणतात बघू."

साहेब म्हणजे मी. बहुतेक वेळा माझे आणि त्यांच्या जिभेचे जमत असे. दोन-चार आकड्यांचा फरक पडला तर ते हसत आणि म्हणत, "आज साहेबांचं पोट बिघडलंय." मग दिव्याची काच पुसून पुन्हा पाहत. एकदा कारखान्याने पिवळा रंग घातलेले पेय काढले, तेव्हा आमचे फार बिनसले. तो रंग माझा उजेडच गिळून टाकी. पापा बिरिंद्वांनी आठवडाभर खटपट करून रंग वेगळा काढायची रीत बसवली. त्या आठवड्यात त्यांनी मला एकदाही नावे ठेवली नाहीत.

पुढे कारखाना बंद पडला. बाटल्या, पेट्या, टेबले ज्याने त्याने नेली. मला कोणी मागितले नाही. टेकडीवर नवी प्रयोगशाळा निघाली आहे असे कळल्यावर पापा बिरिंद्वांनी मला तिकडे न्यायचे ठरवले. आमच्या शहरात ओझी वाहतात त्या बायका. कपाळाला पट्टा लावून, पाठीवर पोते घेऊन त्या चढ चढतात. अशाच एकीच्या पाठीवर बसून मी निघालो. मागून पापा बिरिंद्वा ओरडत होते.

"हळू गं बाई! डावीकडे खड्डा आहे. अगं, काचेचं आहे ते!"

ती बाई थांबली. वळता येत नसल्यामुळे समोर बघूनच म्हणाली, "पापा, पोटच्या लेकरासाठी तरी इतकं ओरडला होता का कधी?"

"लेकरं पडली तर उठतात," पापा बिरिंद्वा म्हणाले. "हा नाही उठायचा."

प्रयोगशाळेत आल्यावर माझे काम बदलले. कारखान्यात माझी चूक झाली तर एखादा माणूस तोंड वाकडे करी. इथे औषधे येत. गोळ्या, लहान मुलांना द्यायचे थेंब, शिरेतून द्यायच्या औषधाच्या कुप्या. पापा बिरिंद्वांनी एका तरुण मुलीला हाताखाली घेतले. तिचे नाव चिबालोंझा. ती कमी बोलायची आणि सगळे लिहून ठेवायची. गोळी कशी कुटायची, कशी विरघळवायची, कशी गाळायची आणि त्या पाण्याचा एक थेंब मोठ्या पाण्यात कसा पातळ करायचा, हे ती त्यांच्याकडून शिकली.

एकदा वालुंगूच्या दवाखान्यातली परिचारिका गोळ्यांचा डबा घेऊन आली. ती वैतागली होती. "रोगी उठतच नाहीत. पण गोळ्या खोट्या कशा म्हणू? चावून बघा, कडूच आहेत!"

पापा बिरिंद्वांनी एक गोळी चावली. "जीभ म्हणते नव्वद."

चिबालोंझाने द्रावण केले, कुपी माझ्यात ठेवली. काटा शून्यावरून हललाच नाही. त्या गोळ्यांत दुसरेच काहीतरी कडू होते, क्विनाइनचा कणसुद्धा नव्हता. पापा बिरिंद्वांनी खिडकीबाहेर थुंकून तोंड धुतले. पुढच्या आठवड्यात त्या गोळ्या चार बाजारांतून पकडल्या. माझे नाव झाले. लोक दारातून डोकावून विचारू लागले, "ते खोटं पकडणारं यंत्र हेच का?"

चिबालोंझा म्हणाली, "जिभेला फसवता येतं, पापा. ह्याला नाही येत."

"ह्यालाही येतं," पापा बिरिंद्वा म्हणाले. "कसं ते आपल्याला अजून कळलेलं नाही, एवढंच."

नंतर लढाई आली. प्रयोगशाळेचे दार फोडून काही माणसे आत शिरली. त्यांनी शीतकपाट नेले, खुर्च्या नेल्या, भिंतीवरचे घड्याळ नेले. एकाने माझे झाकण उघडून आत पाहिले आणि तसेच सोडून दिले. मी कशाचा आहे हे त्याला कळले नाही, म्हणून मी वाचलो. पापा बिरिंद्वा तोवर म्हातारे झाले होते, त्यांना नीट दिसेनासे झाले होते. ते घरी बसले आणि माझा सगळा भार चिबालोंझावर आला.

आता मी ज्या गोष्टीसाठी हे सगळे सांगायला बसलो, ती सांगतो.

त्या वर्षी पाऊस लांबला होता आणि कादुतूच्या वस्तीत घरोघरी ताप होता. कादुतूच्या बाजारात मामा न्सिमिरेचे औषधांचे दुकान होते. मित्रांनो, आमच्याकडे मोठ्या बाईला मामा म्हणतात. तुमच्यासारखा तो आईचा भाऊ नसतो. मामा न्सिमिरे लहान मुलांसाठीचे क्विनाइनचे थेंब मोठ्या बाटलीतून छोट्या बाटल्यांत भरून देई आणि प्रत्येक आईला समोर बसवून थेंब मोजायला शिकवी.

एके सकाळी बिसिम्वा नावाचा माणूस अशी एक छोटी बाटली घेऊन प्रयोगशाळेत आला. तो सुतार होता. हातांना अजून भुसा लागलेला होता.

"माझी मुलगी गेली," तो म्हणाला. "चार वर्षांची होती. हे थेंब दिले होते. ह्यात औषध आहे की पाणी, तेवढं सांगा."

चिबालोंझाने मोजले. काटा एकतीसवर थांबला. तिने नवे द्रावण केले आणि पुन्हा मोजले. एकतीस. तिसऱ्यांदाही एकतीस. शंभर असायला हवे होते तिथे तिसरा हिस्साही नाही. तिने अहवाल लिहिला आणि खाली सही केली.

त्यापुढचे मी पाहिले नाही, ऐकले. बिसिम्वाने दुकानाची पाटी उपटली. बायकांनी बाटल्या रस्त्यावर आणून गटारात ओतल्या. तपासणी अधिकाऱ्यांनी दाराला कुलूप लावून वर चिठ्ठी डकवली. मामा न्सिमिरेला चौकीवर नेले आणि दोन दिवसांनी सोडले. सुटल्यावर ती घरी गेली नाही. थेट टेकडी चढून प्रयोगशाळेच्या पायरीवर येऊन बसली.

"पुन्हा मोज," ती चिबालोंझाला म्हणाली.

"तीनदा मोजलंय, मामा."

"मग चौथ्यांदा मोज. माझा नातू त्याच मोठ्या बाटलीतल्या थेंबांवर उठलाय. आता अंगणात कोंबड्या पळवतोय. पाण्यावर उठला का तो?"

"यंत्र खोटं कशाला बोलेल?"

"मी तरी कशाला बोलू?"

दुसऱ्या दिवशीही ती आली. तिसऱ्या दिवशीही. सोबत केळीच्या पानात बांधलेला मक्याच्या पिठाचा बुगाली आणि तळलेले मासे आणी, दुपारी पायरीवरच खाई. प्रयोगशाळेचे प्रमुख पापा ब्यामुंगू जाता-येता तिला हटकत. ती त्यांच्याकडे बघतही नसे.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "पोरी, तू मोजतेस कशी, ते तरी मला दाखव. मग मी जाते."

बाहेरच्या माणसाला मागच्या खोलीत आणायची परवानगी नव्हती. पण चिबालोंझाने दार उघडले. मामा न्सिमिरे माझ्यासमोर स्टुलावर बसली आणि तिने मला खालून वरपर्यंत न्याहाळले. "हा होय तो," एवढेच म्हणाली.

चिबालोंझाने तपकिरी बाटली दाखवली. "ही शंभराची. हिच्यात क्विनाइन किती आहे ते आम्हाला पक्कं ठाऊक आहे. आधी हिच्यावर काटा शंभरला लावायचा. मग तुमचं औषध."

"माझं औषध कशात कालवलंस?"

"ह्या आम्लाच्या पाण्यात."

"आणि ते शंभरवालं? तेही ह्याच बाटलीतल्या पाण्यात कालवलंयस ना?"

"हो, आम्लाच्याच..." चिबालोंझा बोलता बोलता थांबली. "ते आधीच्या बाटलीतलं आहे. जुनी संपली म्हणून ही नवी मागवली. पण आम्ल तेच आहे, मामा. चिठ्ठी बघा ना वरची."

"चिठ्ठी माझ्या दुकानावरसुद्धा डकवलीय तुमच्या लोकांनी. भेसळवाली म्हणून. चिठ्ठीचं काय जातंय?" मामा न्सिमिरेने तोंड पुसले. "मी थेंब देते तेव्हा एक चमचा धरला की तोच धरते. चमचा बदलला की माप बदललं. हे मला शाळेत न जाता कळतं."

चिबालोंझा उठली. तिने कपाटातून शुद्ध क्विनाइनची डबी काढली, तराजूवर वजन केले आणि शंभराचे द्रावण नव्याने केले, यावेळी नव्या बाटलीतल्या आम्लात. माझा दिवा तापेपर्यंत दोघी थांबल्या. मग तिने तपकिरी बाटलीवर काटा शंभरला लावला आणि नवी कुपी आत ठेवली.

काटा बत्तीसवर थांबला.

मित्रांनो, शंभराचे द्रावण मी बत्तीस दाखवत होतो. म्हणजे मामा न्सिमिरेचे एकतीस हे खरोखर शंभरातले सत्त्याण्णव होते.

चिबालोंझाने नव्या आम्लाचे थोडे पाणी परीक्षानळीत घेतले आणि त्यात चांदीच्या क्षाराचे दोन थेंब टाकले. पाणी दुधासारखे पांढरे झाले. गंधकाच्या आम्लाचे तसे होत नाही, मिठाच्या आम्लाचे होते. कोणीतरी बाटलीवर चुकीची चिठ्ठी लावली होती. मिठाच्या आम्लात क्विनाइन तेवढेच राहते, पण त्याची चमक विझते. आणि मला चमकेशिवाय काहीच दिसत नाही.

"काय झालं?" मामा न्सिमिरेने विचारले.

"तुमचं औषध चांगलं होतं."

मला वाटले होते ती रडेल. ती उठली, कमरेचे कापड सोडून पुन्हा घट्ट बांधत म्हणाली, "मग हे मला कशाला सांगतेस? मला ठाऊकच होतं. बाजारात जाऊन सांग."

त्या दुपारी चिबालोंझाने नोंदवही काढली. नव्या बाटलीतून अकरा औषधे तपासली गेली होती. अकराही कमी भरली होती. आणि कोणालाच नवल वाटले नव्हते, कारण बाजारात सगळे खोटेच असते अशी सर्वांची खात्री होती. दोन दिवस खपून चिबालोंझाने ती सगळी पुन्हा तपासली. नऊ चांगली होती. खरोखर वाईट निघाली ती दोनच.

पापा ब्यामुंगू दाराशी उभे राहून म्हणाले, "नवा अहवाल पाठवून देऊ. जुन्याबद्दल लिहायची गरज नाही. प्रयोगशाळेचं नाव जाईल."

"तिचं नाव कोणाच्या सहीनं गेलं, पापा?"

"चूक बाटलीची होती."

"सही बाटलीनं केली नव्हती," चिबालोंझा म्हणाली.

ती कादुतूला गेली. काय झाले ते तिने नंतर पापा बिरिंद्वांना माझ्यासमोरच सांगितले. ते काठी टेकत तिला भेटायला आले होते. बाजार भरलेला असताना ती बंद दुकानासमोर उभी राहिली. आधी कोणी लक्ष दिले नाही, म्हणून एका टोमॅटोवालीच्या पेटीवर चढली. म्हणाली, मी टेकडीवरची चिबालोंझा, ह्या बाईचं औषध चांगलं होतं, मी चुकीचं मोजलं. मग गर्दीतून कोणी विचारले, 'आता खरं मोजलंस कशावरून?'  तिने आम्ल, चमक, चांदीचा क्षार सगळे सांगून पाहिले. निम्म्या लोकांना कळले, निम्म्यांना नाही.

"आणि न्सिमिरे?" पापा बिरिंद्वांनी विचारले.

"ती म्हणाली, दुकान उघडेन. पण गटारात ओतलेले थेंब कुठल्या पोराच्या तोंडात जायचे होते, ते तुलाही सांगता येणार नाही आणि मलाही."

पापा बिरिंद्वांनी हाताने चाचपडत माझ्या कडेवरची धूळ पुसली. 

बिसिम्वा सुताराला मात्र चिबालोंझाने इथेच बोलावून घेतले. तो उभ्यानेच सगळे ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने विचारले, "औषध बरं होतं?"

"हो."

"मग ती का गेली?"

"ताप डोक्यात गेला असेल. उशीर झाला असेल. मला माहीत नाही, पापा. ह्या यंत्राला तेवढंच कळतं, बाटलीत काय आहे ते. आणि तेही मी नीट विचारलं तरच."

तो खाली बसला. त्याच्याकडे रागवायला आता कोणी उरले नव्हते. थोड्या वेळाने म्हणाला, "ती बाटली परत द्या. अर्धी उरलीय. धाकट्याला कालपासून ताप आहे."

"ही नको. कितीदा उघडलीय. मामा न्सिमिरेकडे जा."

"मी? मी तिची पाटी उपटलीय."

"म्हणूनच जा. आणि आजच जा, उद्यावर टाकू नका."

तो गेला. मामा न्सिमिरेने त्याला दारात उभे राहायला लावले. आधी पाटी लाव म्हणाली नाही, आधी पोराला आण म्हणाली. पोराला मांडीवर घेऊन तिने थेंब मोजले आणि बिसिम्वाला मोठ्याने मोजायला लावले. तो मधेच चुकला, तेव्हा म्हणाली, "पुन्हा पहिल्यापासून. घाई करू नकोस, मी कुठे जात नाही." तो मुलगा वाचला. पाटी बिसिम्वाने दुसऱ्या आठवड्यात आपण होऊन नवी करून दिली. त्या दोघांत पुढे फार बोलणे होते असे मी ऐकलेले नाही.

चिबालोंझाला वर्षभर अहवालावर सही करू दिली नाही. ती मोजी आणि दुसरा कोणी सही करी. त्या वर्षात तिने एक नियम घातला, तो आजही पाळतात. शंभराचे द्रावण रोज नवे करायचे आणि औषध ज्या बाटलीतल्या आम्लात, तेही त्याच बाटलीतल्या आम्लात. आता ती ह्या प्रयोगशाळेची प्रमुख आहे. पापा बिरिंद्वा आता नाहीत.

काही वर्षांपूर्वी नवे यंत्र आले. त्यात औषध एका बारीक नळीतून जाते, त्यातला एकेक पदार्थ वेगळा होऊन बाहेर पडतो आणि कागदावर डोंगरासारख्या रेघा उमटतात. त्याला फक्त चमकच दिसते असे नाही. ते माझ्यापेक्षा हुशार आहे आणि त्याचे मला वाईट वाटत नाही. वीज गेली आणि ते हट्ट करून बसले, तर कधीतरी माझ्यावरचे कापड निघते. मी जनित्रावरही चालतो. एरवी महिनेच्या महिने मी अंधारात असतो. पावसाळ्यात माझ्या काचेवर बुरशी धरते. कोणाला आठवले तर पुसतात.

माझ्या पोटातला दिवा आता शेवटचा आहे. तसा दिवा करणारा कारखाना राहिलेला नाही. तो थोडा मंद झाला तरी चालते, कारण काटा रोज शंभरावर लावून घेतात. पण दिवा फार थकला की काटा एका जागी ठरत नाही, तो थरथरू लागतो. तो दिवस लांब नाही.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत, दवाखान्यात, दुकानात माझ्यासारखी जुनी यंत्रे असतील. तराजू असतील, ताप मोजायच्या नळ्या असतील. त्यांना कोरड्या जागी ठेवा, झाका, पुसा. हे कोणीही सांगेल. माझे मागणे थोडे वेगळे आहे. माझा काटा थरथरताना दिसेल, त्या दिवशी 'बिचाऱ्याने किती वर्षे काम केले' म्हणून मला चालू ठेवू नका. माझ्यासमोरच्या बाटलीवर कोणाचे तरी पोर अवलंबून असेल. त्या दिवशी माझी तार काढा, कापड टाका आणि वहीत तारीख लिहा: आजपासून ह्याचे ऐकायचे नाही.